गप्प राहील त्याला डॉक्टर

मला बोलायला आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी रामकहाणी त्यातूनच घडली. डिचोलीच्या दूध संस्थेच्या कचेरीत मी सतरा वर्षं फोनवर बसते आहे. माहेर चोपड्याचं, सासर मयेचं. त्यामुळे पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या गुरंवाल्या घरांपैकी निम्म्यांशी माझं काही ना काही नातं निघतंच, आणि नाही निघालं तर मी काढते. फोन उचलला की आधी ‘च्या जाली?’, मग घरच्यांची चौकशी, मग गुरांची, आणि मग मूळ काम. आमच्याकडे कामाचं बोलणं एकदम काढलं तर समोरचा माणूस घाबरतो. कोणी गेलंबिलं की काय, असं त्याला वाटतं.

संस्थेचा फोन एकच होता. पेंड कधी येणार, बिल कधी मिळणार, दुधाला फॅट कमी का लागलं, हे सगळं त्याच फोनवर. गाय आजारी पडली, अडली, तरीही तोच फोन. संस्थेचे दोन गुरांचे डॉक्टर आहेत. त्यांचे मोबाईल नंबर पूर्वी लोकांना दिले होते, पण लोक डॉक्टरांनाच पेंडीची चौकशी करू लागले, तेव्हा दोघांनी कोपरापासून हात जोडले आणि नंबर बदलून घेतले. नवे नंबर फक्त माझ्याकडे. म्हणजे आजारी गाय आणि डॉक्टर यांच्या मधे मी एकटी बसलेली. याचा मला तोरा होता, हेही कबूल करते.

एका वर्षी शिगम्याच्या दिवसांत सकाळी चोपड्याहून फोन आला. करणारा नात्याने माझा मावसभाऊ. त्याला पेंडीची दोन पोती हवी होती. ते काम अर्ध्या मिनिटात झालं. पुढची पंचवीस मिनिटं आम्ही माशांवर बोलत होतो. खाडीत त्या आठवड्यात शेवटे चांगले मिळत होते, आणि ते आंबट-तिखटात करावेत की तळावेत यावर आमच्या दोघांच्या आयांचं पूर्वी वाजलं होतं, ती गोष्ट त्याने काढली. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच पंचवीस मिनिटांत सर्वणची मावशी मला फोन लावत होती. मावशी म्हणजे सख्खी नव्हे, सगळेच तिला मावशी म्हणतात. साठीच्या पुढची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात ती आणि गोठ्यात दोन गायी, आई आणि तिची पहिलटकर व्हायची लेक. आई अडली होती. वासराचा एक पाय बाहेर आणि बाकी काही नाही. मावशीने फोन लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. शेवटी शेजारी स्कूटर घेऊन डिचोलीला आला, मी डॉक्टरांना कळवलं, डॉक्टर धावले. पोचले तेव्हा गाय आणि वासरू दोन्ही गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशी कचेरीत आली. बाकावर बसली, पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

“बाय, अकरा खेपे लायलो,” ती म्हणाली. “अकरा खेपे एंगेज.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तिने आवाजसुद्धा चढवला नाही. मी पाणी देऊ का, एवढंच विचारलं. तिने मान हलवली.

“धाकटी चवथीच्या आदीं व्यातली. ती गेली जाल्यार हांव गोठ्याक कुलूप घालतां आनी भावागेर वतां रावपाक. थंय हांव कोण? सोयरी.”

भाऊ वाईट नव्हता तिचा, पण पाहुणी म्हणून किती दिवस राहणार माणूस? तिचं स्वतःचं घर, स्वतःची चूल, सकाळी संकलन केंद्रावर दुधाचा कॅन टेकवताना ताठ असलेली मान, हे सगळं त्या एका धाकट्या गायीच्या पायांवर उभं होतं. आणि मी शेवट्यांची आमटी चघळत बसले होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी ठरवलं. ती धाकटी व्यायच्या आत असं काहीतरी करायचं, की आजाऱ्याच्या फोनला एंगेज लागताच कामा नये. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पाच महिने होते.

कमिटीला पटवायला एक महिना गेला. मी प्रत्येक मीटिंगला चहा घेऊन आत जायची आणि चहा ठेवून बाहेर यायची नाही. शेवटी कंटाळून त्यांनी हो म्हटलं. म्हापशाहून एक मशीनवाले गृहस्थ आले. पन्नाशीचे, गळ्यात चष्मा लटकवलेला, अत्यंत सोशिक. त्यांनी सांगितलं की मशीन एकाच वेळी सहा फोन घेतं, फोन करणाऱ्याला आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतं आणि तो जो आकडा दाबेल त्याप्रमाणे फोन पुढे जोडतं. एक दाबला की डॉक्टर, दोन दाबला की पेंड, तीन दाबला की बिल. एक डॉक्टर बोलत असला तर दुसऱ्याला. एंगेजचा प्रश्नच मिटला. आनंदाने मी पेढे वाटायचेच बाकी राहिले होते.

आवाज त्यांच्या कंपनीचा तयार होता. कुठल्याशा शहरातल्या मुलीचा, साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. ‘आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.’ पहिल्याच दिवशी एक म्हातारा संकलन केंद्रावर म्हणाला, महत्त्वाचा आहे तर उचलत का नाही ती? बाकीच्यांनी दोन वाक्यांत फोन ठेवून दिले. बँकेच्या नावाने फोन येऊन फसलेली चार-दोन माणसं प्रत्येक गावात आहेत, आणि दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आकडा दाबायला सांगणारी बाई म्हणजे नक्की पैसे काढणारी, असं सगळ्यांचं ठरलं. आठवडाभर कोणी आकडा दाबला नाही. लोक पेट्रोल जाळून कचेरीत येऊ लागले.

मी म्हटलं, अनोळखी आवाज आहे म्हणून. माझा आवाज घाला, मला सगळे ओळखतात.

पेंडीच्या गोदामात पोत्यांच्या मधे बसून रेकॉर्डिंग केलं, कारण तिथे बाहेरचा आवाज येत नाही. पेंडीच्या भुशाने मला नऊ वेळा शिंका आल्या. दहाव्यांदा जमलं. मशीनवाल्यांनी ऐकवलं तेव्हा मी माझ्यावरच खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलायला लागले. म्हणजे त्या रेकॉर्डशी. मी ‘नमस्कार’ म्हटलं की ते ‘नमस्कार गे, च्या जाली?’ म्हणायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. तोवर रेकॉर्ड ‘एक दाबा’पर्यंत पोचलेला असायचा. ते म्हशीचं दुखणं सांगायला लागायचे, मी तिकडून ‘दोन दाबा’ म्हणायची. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, मी ‘तीन दाबा’ म्हणायची. मशीन सगळे फोन साठवून ठेवतं, म्हणून हे मला नंतर ऐकता आलं. पहिल्यांदा हसू आलं. मग बुधवारच्या बाजारात अळसांद्याच्या शेंगा घेताना एका ओळखीच्या बाईने माझ्याकडे पाठ फिरवली. “आतां तूं व्हड जाल्या. माका एक उतर पुराय उलोवंक दिलें ना,” म्हणाली. एक शब्द पुरा बोलू दिला नाहीस म्हणे. सतरा वर्षं मी माणसं जोडली आणि माझ्याच आवाजाने ती दोन आठवड्यांत तोडायला घेतली होती.

मी सर्वणला गेले. मावशीला तरी आकडा दाबायचं शिकवावं म्हणून. ती गोठ्यात धाकटीला खरारा करत होती. गाय भरली होती, कूस दिसत होती. मी दारात उभी राहून सगळं समजावलं, मोबाईलवर एक कुठे असतो तेही दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

“आयकलो तुजो आवाज,” ती गायीकडे बघत म्हणाली. “तूं उलयता. आयकना.”

तू बोलतेस, ऐकत नाहीस. मशीनबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे मी तिला विचारलं नाही. घरी येताना मयेच्या तळ्याकाठी स्कूटर थांबवून बराच वेळ बसले. राग आला होता. तिचा नव्हे, माझाच. पण राग आला की माझं डोकं चालतं, ही एक देवाची कृपा. मला असा आवाज हवा होता, जो सुरू झाला की समोरचा माणूस मधे बोलणार नाही. असा आवाज मला जन्मापासून माहीत होता.

माझे बाबा चोपड्याला देवळात गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे केलेली मागणी. घालणारा मोठ्याने, एका लयीत एकेक मागणं सांगत जातो, शेवटी ‘म्हाराजा’ म्हणून आवाज उंच नेतो, आणि जमलेली माणसं हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मधे कोणी बोलत नाही. शिंकसुद्धा आवरतात. बाबांचं गाऱ्हाणं चालू असताना माझ्या आईनेही कधी तोंड उघडलं नाही, आणि मी कोणावर गेले आहे ते वेगळं सांगायला नको.

रविवारी चोपड्याला गेले. बाबा चहात उंडा पाव बुडवून खात होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून नदीपल्याड जाईल असा. मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी उंडा बशीत ठेवला.

“गाराणां मशिनात घालूक नाय हां. ता परत परत वाजवूचां नसता.”

“गाऱ्हाणं नको, बाबा. नुसता निरोप वाचा. एक दाबा, दोन दाबा.”

“देवाचां नाव मी घेवचंय नाय.”

“नका घेऊ.”

एवढं ठरल्यावर ते उठले. चपला काढल्या, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि उभ्यानेच माझ्या मोबाईलसमोर सुरू झाले. दूध संस्थेक फोन केल्ल्या समेस्तांनी आयकात. गोरवां दुयेंत आसात तांणी एक दाबचां. पेंड जाय तांणी दोन दाबचां. बिलाचां विचारूचां आसा तांणी तीन दाबचां. इथे संपायला हवं होतं. पण साठ वर्षांची सवय. आवाज आपसूक वर चढला, “आनी सगळ्यांच्या गोरवा-वासरांक, लेकरा-बाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!” आणि ते स्वतःच चपापून माझ्याकडे बघत राहिले. देवाचं नाव घेतलेलं नव्हतं, एवढं खरं. शेवट कापून टाकावा असं माझ्या मनात आलं होतं. पण कानाला इतका गोड लागला की मी तो राहू दिला.

सोमवारी मशीनने दिवसभरात एक्केचाळीस फोन घेतले. एकानेही आकडा दाबला नाही. दाबतील कसे? गाऱ्हाणं चालू असताना कोण खटखट करतं? एकजण म्हणे अंगणात अनवाणी उभा राहून ऐकत होता. एकीने घरातल्या सगळ्यांना हाक मारून भोवती उभं केलं होतं. संकलन केंद्रावर एका म्हाताऱ्याने मला गंभीरपणे विचारलं, गाऱ्हाणं झालं, आता नारळ कोण फोडणार? त्याच दिवशी मयेला एक म्हैस फुगली. मालक फोन कानाला लावून उभा, मशीनने दहा सेकंद वाट बघून फोन कापला. तो स्कूटरने कचेरीत आला. म्हैस वाचली, पण त्यात मशीनचं श्रेय काही नव्हतं.

कमिटीने मला आत बोलावलं. मशीन काढून टाकू म्हणाले, होतं ते बरं होतं म्हणाले. होतं ते काय होतं, ते सर्वणच्या गोठ्यात जाऊन विचारा, असं मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. पंधरा दिवस मागून घेतले आणि बाहेर आले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर हेडफोन लावून मी ते एक्केचाळीस फोन ओळीने ऐकले. सगळे सारखेच. बाबांचा आवाज, शेवटी ‘म्हाराजा’, आणि पलीकडून ‘व्हय म्हाराजा’. कोणी पुटपुटत, कोणी खणखणीत. त्यानंतर नुसता श्वास. कुठे कोंबडा, कुठे कुकरची शिटी. मग मशीन फोन कापायचं. विसाव्या का एकविसाव्या फोनपाशी मला उमगलं. त्या साखरवाल्या मुलीला सगळ्यांनी दोन वाक्यांत ठेवून दिलं होतं. माझ्याशी भांडून ठेवून दिलं होतं. बाबांना एकानेही ठेवलं नव्हतं. गाऱ्हाण्यानंतर आमचा माणूस आपण होऊन पाय हलवत नाही, पुढे काय ते सांगतील म्हणून उभा राहतो. माणसं थांबली होती. मशीनच त्यांना सोडून जात होतं.

सकाळी म्हापशाला फोन केला. “काही दाबणार नाही त्याला डॉक्टर जोडा,” मी म्हटलं. “पेंडवाल्यांना आणि बिलवाल्यांना दाबू दे आकडे. त्यांना कसली घाई आहे?”

“मॅडम, असं कोणी करत नाही,” मशीनवाले म्हणाले. “गप्प राहिला की फोन कापायचा, अशीच पद्धत आहे सगळीकडे.”

“सगळीकडे गाऱ्हाणी घालतात का?”

त्यांनी डायरी चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, येतो.

डॉक्टरांचं मन वळवणं जास्त कठीण गेलं. म्हशीच्या पोटात हात घालून असताना पेंडीचे फोन आले तर नोकरी सोडीन, असं दोघांपैकी थोरल्यांनी स्वच्छ सांगितलं. मी त्यांना वचन दिलं की पंधराव्या दिवसापासून एकही पेंडवाला त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. कशाच्या जोरावर दिलं, मला माहीत नव्हतं. बाबांकडून निरोप नव्याने वाचून घेतला. “पेंड जाय तांणी एक दाबचां. बिलाचां तांणी दोन. गोरूं दुयेंत आसा तांणी कांयच करूं नाकात. फोन धरून रावात. डॉक्टर येतलो.” आणि मग ते शेपूट, सुखी ठेव रे म्हाराजा. कमिटीतल्या एकाने शेपूट काढायला सांगितलं. मी म्हटलं, शेपूट काढलंत तर जनावर पडेल.

पहिले चार दिवस थोरल्या डॉक्टरांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पेंडवाले गप्प उभे राहायचे आणि थेट त्यांच्या कानात उतरायचे. मी रोज पहाटे स्कूटर काढली. आज चोपडे, उद्या मये, परवा सर्वण, जिथे जिथे संकलन केंद्र आहे तिथे फॅटच्या मशीनपाशी जाऊन उभी राहायची. लोक कॅन घेऊन रांगेत असतात, त्यांना तेव्हा दुसरा उद्योग नसतो. प्रत्येकाकडून मोबाईलवर माझ्यासमोर एक दाबून घ्यायची. जो चुकला त्याला रात्री जेवण झाल्यावर मी स्वतः फोन करायची आणि च्या-पाणी न विचारता म्हणायची, पेंडीला एक. लोक मला टाळायला लागले. माझा मावसभाऊ म्हणाला, तुला वेड लागलंय. मी म्हटलं, पेंडीला किती? तो म्हणाला, एक. मी फोन ठेवला. सतरा वर्षांत त्याच्याशी झालेलं ते सगळ्यांत छोटं बोलणं असेल.

दहाव्या दिवशी डॉक्टरांकडे एकच पेंडवाला गेला. चौदाव्या दिवशी एकही नाही. मधल्या काळात एक विषबाधा, दोन फुगलेल्या म्हशी आणि एक अडलेली शेळी वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचली. थोरले डॉक्टर कचेरीत येऊन काही न बोलता चहा पिऊन गेले. ते मी प्रशस्तिपत्रक समजले.

मावशी मात्र काही कळू देईना. सर्वणच्या केंद्रावर मी तिला सांगायला गेले की आता काहीच दाबायचं नाही, नुसता फोन धरून राहायचं. तिने दूध ओतलं, कॅन विसळला आणि निघून गेली. ऐकलं की नाही, देव जाणे. मी तिच्यामागे गेले नाही.

चवथ आठ दिवसांवर आली. बाजारात गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळं दिसायला लागली. त्या सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी पेंडीच्या ट्रकवाल्याशी फोनवर भांडत होते. माझ्यासमोर पडद्यावर चालू फोनांचे नंबर दिसतात. त्यातला एक नंबर मला पाठ होता. सर्वण. पुढे लिहिलेलं, डॉक्टर, जोडला. चार मिनिटं झाली होती.

ट्रकवाल्याला मी वाक्याच्या मधेच सोडलं. मधे पडून ऐकण्याची सोय मशीनमध्ये आहे, पण काहीतरी भलतंच दाबलं जाऊन फोन तुटेल या भीतीने मी माऊसला बोट लावलं नाही. आठ मिनिटं. पंधरा. बावीस. मी उभी होते, कधी उठले ते आठवत नाही. सव्वीस मिनिटांनी नंबर पडद्यावरून गेला. डॉक्टरांना लावला, उचलेनात. पुन्हा लावला, उचलेनात. बारा वाजून गेल्यावर त्यांचाच आला.

“पुढचे दोन्ही पाय आत दुमडलेले होते,” ते म्हणाले. “बाईने हात घालून डोकं मागे रेटून धरलं होतं, म्हणून निभावलं. गाय उठून उभी आहे. पाडा झाला.”

पाडा म्हणजे दुधाच्या दृष्टीने काही उपयोगाचा नाही. मला तो सोन्याचा वाटला.

“आणि ऐका,” डॉक्टर म्हणाले, “फोन तिने स्पीकरवर टाकून गव्हाणीत ठेवला होता. एक हात आत, एक हात शेपटीवर. आकडा दाबायचा असता तर कशाने दाबला असता तिने?”

मी जेवायचं सोडून हेडफोन लावला. बाबांचा आवाज गोठ्यात लांबून आल्यासारखा येत होता. सुखी ठेव रे म्हाराजा. मावशी व्हय म्हणाली नाही. तिच्या धापा ऐकू येत होत्या. मग डॉक्टर ‘हॅलो’ म्हणाले आणि ती ओरडली, सर्वण, गाय अडल्या. त्यांनी सांगितलं, निघालो, फोन बंद करू नका, डोकं मागे रेटून धरा. त्यानंतर त्यांच्या मोटारसायकलचा वारा, आणि वाऱ्याच्या मागे कुठेतरी मावशी. ती डॉक्टरांशी बोलत नव्हती. गायीच्या कानाशी बोलत होती, हळू, पुन्हा पुन्हा, एकच.

“राव गे बाये, राव. येता तो. ह्या खेपे फोन लागलो. फोन लागलो गे.”

कचेरीत सगळे होते, भांडण पुरं करायला आलेला ट्रकवालाही दारात उभा होता. मी हेडफोन तसाच कानांवर दाबून धरला आणि सगळ्यांसमोर रडले.